आदेशार्थ सादर

मंत्रालयातील एका कार्यासनावर आवक-जावक, टिपणी आणि नस्ती यांच्या फेऱ्यात दिवस घालवून, कचेरी सुटताच लगबगीने चर्चगेटच्या बाजूस निघणारा आणि बॅकबे रेक्लमेशनवरील जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेच्या पायऱ्या 1979 ते 1982 अशी तीन वर्षे नित्यनेमाने चढणारा तो तिशीकडे झुकलेला सहायक मीच होतो, याची खात्री गेल्या डिसेंबरात भरलेल्या आमच्या वर्गाच्या स्नेहमेळाव्यात इतरांनी मला करून दिली. एरवी मला स्वतःला ती पटली नसती.

मुंबई विद्यापीठाने 1965 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने ही संस्था स्थापिली. अभ्यासाला येणाऱ्या ‘केसेस’ बहुधा परदेशी कारखान्यांच्या असत. आणि त्यांची चिरफाड करणारे आम्ही, म्हणजे बँकेतला कारकून, गोदीतला हिशेबनीस, औषधकंपनीचा विक्रेता, गिरणीतला कामगार अधिकारी, सारे दिवसभराच्या नोकरीने पिळून निघालेले आणि पिशवीत रिकामा डबा बाळगणारे. शेवटचा तास संपता संपता कोणाचा तरी डबा हमखास फरशीवर पडे आणि त्या खणखणाटाने निम्मा वर्ग जागा होई. दिवसा शिकणाऱ्या तरुण मंडळींना आमची थोडी दयाच येत असावी. ती अगदीच अनाठायी होती, असे मात्र म्हणवत नाही.

शिकवणाऱ्यांपैकी पुष्कळसे स्वतः कुठल्या ना कुठल्या कंपनीत अधिकारपदावर असत. त्यांतील एका गृहस्थांनी पहिल्याच सत्रात एका केसवर लेखी उत्तर मागवले, तेव्हा मी दफ्तरी शिरस्त्याप्रमाणे सहा पृष्ठांची टिपणी सिद्ध केली: प्रथम पूर्वपीठिका, मग अनुकूल-प्रतिकूल मुद्दे, तीन पर्याय, आणि अखेरीस, हाताच्या सवयीने, ‘आदेशार्थ सादर’. सरांनी ती भर वर्गात वाचली आणि चष्मा काढून विचारले, “आदेश कोणाचा हवाय? इथं तुमच्यावर साहेब नाही. माल पाठवायचा की नाही, ते सांगा.” वर्ग हसला. मीही हसलो, पण त्या रात्री बोरीबंदरहून सुटलेल्या कल्याण गाडीत उभ्या उभ्या मला उमगले, की सात वर्षांच्या सेवेत मी शेकडो कागदांवर मसलत दिली होती आणि एकाही कागदावर निर्णय लिहिला नव्हता.

आम्ही सगळे आजही जी संध्याकाळ उगाळतो, ती 1982च्या जानेवारीतली. 18 तारखेपासून डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले होते, गिरणगावातले भोंगे थंडावले होते, आणि आमच्या वर्गात तो कामगार अधिकारी आणि परळच्या चाळीत वाढलेला बँकेतला कारकून, जो साचेखात्यातल्या विणकराचा मुलगा, हे दोघे पहिल्या दिवसापासून एकाच बाकावर बसत आले होते. भांडण जुंपणार, या अपेक्षेने आम्ही सावरून बसलो. अधिकाऱ्याने मात्र शांतपणे 1946च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याचा उलगडा केला: प्रातिनिधिक युनियन म्हणून जिची नोंद झाली, तिच्याशीच मालकाने वाटाघाटी करायच्या, आणि तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे असल्यामुळे, सामंतांच्या मागे सगळी गिरणी गेली तरी कायद्याच्या दृष्टीने मालकासमोर कोणीच उभे नव्हते. त्यावर विणकराच्या मुलाने एवढेच विचारले, “मग आमच्या बापानं बोलायचं कोणाशी?”

खुद्द अधिकाऱ्यापाशीही उत्तर नव्हते. सरांनी तोच प्रश्न लिहायला दिला. मी दीड पान लिहिले: कामगारांचे गुप्त मतदान घ्यावे, आणि बहुमत ज्या संघटनेला मिळेल तिच्याशी करार करावा. खाली सही केली. सादर कोणालाच केले नाही. वीसपैकी अकरा गुण मिळाले, आणि कायद्यात तशी तरतूद नाही, असा शेराही.

तो पिवळा पडलेला कागद मी मेळाव्यात खिशातून काढला, तेव्हा त्या दोघांनी तो आळीपाळीने वाचला. विणकर पुन्हा साच्यावर कधीच उभा राहिला नाही. मुलगा मात्र शाखा व्यवस्थापक होऊन निवृत्त झाला. सरांनी गुण देताना हात आखडता घेतला, असे त्याचे मत पडले. अधिकाऱ्याच्या मते दोन गुण जास्तच दिले होते.