रेवडीची कुस्ती

“अम्मी, आज पोट दुखतंय.” आठवड्यातून दोनदा, कराटेच्या वेळेला माझ्या सात वर्षांच्या मुलाचं पोट दुखू लागलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. जूनमध्ये नांदेडला क्लास लावला, तेव्हा हाच मुलगा पांढरा गणवेश घालून झोपायचा. ऑगस्टमध्ये मात्र त्याने पट्टा धान्याच्या डब्यामागे लपवला. मी चिडले. “फी भरली आहे, गणवेश घेतला आहे, शेजारच्या मुलाला बघ जरा!” असं बरंच बोलले. तो रडत क्लासला गेला आणि रडतच परत आला.

दिवाळीच्या सुट्टीत लातूरला माहेरी गेलो. माझे अब्बा तरुणपणी तालमीत जायचे. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. त्या काळात आपणही पैलवान व्हावं, असं आमच्या भागातल्या पुष्कळ मुलांना वाटायचं. अब्बाही त्यातलेच.

माझी तक्रार ऐकून अब्बा म्हणाले, “बेटा, आमच्या वस्तादांनी पहिल्या दिवशी डाव शिकवला नाही. हातात फावडं दिलं आणि हौदातली माती उकरायला लावली. मातीत खेळायला मिळालं म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी परत गेलो. जत्रेत लहान पोरांच्या कुस्त्या आधी लावायचे, त्याही रेवड्यांवर. जोड सारखी बघायचे. जिंकणाऱ्यालाही रेवडी, हरणाऱ्यालाही रेवडी. पोरगं टिकलं पाहिजे, एवढंच बघायचे.”

मग ते नातवाला म्हणाले, “मला शिकव तुझं कराटे.” तो ‘इची, नी, सान, शी’ असे जपानी आकडे म्हणत ठोसे मारू लागला. नाना मुद्दाम चुकायचे, तो हसून दुरुस्त करायचा. आठवडाभर त्याचं पोट एकदाही दुखलं नाही!

नांदेडला परतल्यावर मी सरांना भेटले. त्याची जोडी नेहमी मोठ्या मुलाशी लागत होती. शिवाय लहान मुलांना बराच वेळ एकाच पवित्र्यात उभं राहावं लागायचं. सरांनी शांतपणे ऐकलं. आता अधूनमधून कमरेला रुमाल खोचून ‘शेपटी पकड’ खेळवतात. पाय चपळ होतात आणि मुलं खिदळतात. वाकून अभिवादन करण्याबद्दल मला संकोच होता, तोही बोलून दाखवला. “सरळ उभं राहून छातीवर हात ठेवला तरी चालेल,” असं ते सहज म्हणाले. मी उगीच चार महिने मनात ठेवलं होतं.

घरी मी एक प्रश्न बदलला. “जिंकलास का?” ऐवजी “आज काय शिकलास, मला दाखव” असं विचारते. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळेमुळे क्लास सुटतो आणि ईदनंतर पुष्कळ मुलं परत जातच नाहीत. म्हणून महिनाभर असरनंतर घरीच दहा मिनिटं सराव ठेवला. एवढ्याने धागा तुटला नाही, अल्हमदुलिल्लाह.

पट्ट्यांची पद्धत कराटेत ज्युडोतून आली. १८८२ साली कोडोकान सुरू करणाऱ्या जिगोरो कानोंच्या शाळेत आधी पांढरा आणि काळा एवढेच मुख्य पट्टे होते. पिवळा, नारिंगी, हिरवा हे रंग नंतर आले. लहान मुलाला काळा पट्टा फार दूर वाटतो, पुढचा रंग मात्र जवळ दिसतो. हीसुद्धा एक रेवडीच.

मागच्या महिन्यात नारिंगी पट्ट्याच्या परीक्षेत तो नापास झाला. माझ्या तोंडावर जुनी वाक्यं आली होती. तेवढ्यात प्रेषितांची (स.) शिकवण आठवली: कुस्तीत दुसऱ्याला पाडणारा खरा बलवान नव्हे, रागाच्या वेळी स्वतःला आवरणारा बलवान. ही शिकवण मी मुलाला कितीदा सांगितली होती! त्या दिवशी ती माझ्यासाठी होती. मी गप्प राहिले आणि गाडी रेवडीवाल्याजवळ थांबवली.

पुढच्या क्लासच्या दिवशी तो स्वतःच दारात उभा होता, पिवळा पट्टा बांधून. “अम्मी, उशीर होतोय.”