रोसिनान्तेसमोर

मित्रांसोबत आरव्हीने कॅलिफोर्निया हिंडताना सलिनासला थांबलो. जॉन स्टाइनबेकचे हे जन्मगाव. तेथील केंद्रात त्याचा 'रोसिनान्ते' पाहिला : पाठीवर घर वाहणारा ट्रक, नाव डॉन किहोतेच्या घोड्याचे. चार्ली या पूडल कुत्र्यासह १९६० साली त्याने यातूनच अमेरिका पालथी घातली. १९६२ मध्ये 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' आले. एकाकी भटकंतीचा आदर्श म्हणून मी ते पुस्तक वर्षानुवर्षे जपले होते. पुढे कळले, की बऱ्याच रात्री हॉटेलांत गेल्या आणि पत्नी इलेन कित्येक दिवस सोबत होती. पुस्तकात ती जेमतेम डोकावते. २०१२ च्या आवृत्तीची प्रस्तावनाही ललितलेखकाची ही मोकळीक मान्य करते.

मला फसवल्यासारखे वाटले होते. पण माझी डायरी? आरव्हीत आम्ही चौघे. पाण्याची नळी कोणी जोडायची यावरून रोज वाद, चौघांचे घोरणे, पहाटे गालाला कुत्र्याचे ओले नाक. डायरीत मात्र आठ दिवस फक्त मी, रस्ता आणि कुत्रा. (तोही मित्राचा!)

संध्याकाळी डायरी उघडली. चहात साखर किती, असे बाहेरून कोणी विचारत होते. मी मित्रांची नावे लिहू लागलो.