नेपरव्हिलची काळी आणि पांढरी

कुठल्याही शहराच्या पोटातलं मूळ गाव शोधायचं, तर पाण्याकडे जावं. आज दीड लाखाच्या घरात गेलेल्या, इलिनॉय राज्यातल्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये ते पाणी म्हणजे डुपेज नदीची पश्चिम शाखा. नदी लहानखुरी आहे, काही ठिकाणी जेमतेम गुडघाभर. पण १८३१ च्या जुलैत जोसेफ नेपर आपल्या गोतावळ्यासह इथे थांबला, तो तिच्या भरवशावर. हा मूळचा शेतकरी नव्हे. ओहायोतल्या ॲश्टाब्युलाकडून आलेला, महासरोवरांवर जहाजं बांधणारा आणि हाकणारा माणूस. भाऊ जॉनही त्याच धंद्यातला. जहाजाने शिकागो गाठायचं आणि तिथून गाड्या जोडून पश्चिमेला निघायचं, असा त्यांचा प्रवास. झाडं होती ती नदीच्या काठाने. त्यापलीकडे क्षितिजापर्यंत नुसतं गवत. लाकूड, पाणी आणि गिरणी फिरवण्यापुरता प्रवाह एका जागी मिळाला, तिथे लाकूड कापायची गिरणी आणि व्यापाराचं दुकान उभं राहिलं. लगोलग मुलांची शाळाही.

या नदीची एक गोष्ट मला फार जवळची वाटते. मिशिगन सरोवर इथून पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर. एवढं मोठं पाणी शेजारी असताना ही त्याच्याकडे पाठ फिरवून दक्षिणेला निघते. आधी डेस्प्लेन्स, मग इलिनॉय, मग मिसिसिपी असं करत थेट मेक्सिकोच्या आखातात. महाबळेश्वरला उगम पावणारी आपली कृष्णाही पश्चिमेचा जवळचा समुद्र सोडून पूर्वेचा दूरचा समुद्र धरते. तिथे सह्याद्रीची धार आडवी येते. इथे हिमनदीने ढकलत आणून टाकलेल्या माती-गोट्यांची बुटकी टेकाडं. चालताना चढ जाणवूही नये इतकी बुटकी, पण पाणी त्यांचं ऐकतं.

आपल्याकडे घरांची जमीन पांढरी आणि पिकाची काळी. नेपरव्हिललाही ही वाटणी सहज लावता येते. पांढरी नदीच्या उतारावर: १८३४ ची प्रीएम्प्शन हाउस खानावळ, चर्च, दगडी घरं. नदीकाठी चुनखडी निघे, तिच्या खाणी चालत. आणि काळी चहूकडे. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाने ही माती हातात घेतली तर तो ओळखीचं हसेल. पण हिची जन्मकथा वेगळी. आपली काळी बेसॉल्ट खडक झिजून झाली. इथली वाऱ्याने आणून पसरलेल्या बारीक मातीत गवताची मुळं हजारो वर्षं कुजून झाली. बिग ब्लूस्टेम नावाचं इथलं गवत पुरुषभर उंच वाढतं आणि मुळं दोन-तीन मीटर खोल सोडतं. ओतीव लोखंडाच्या नांगराला ही माती चिकटून बसे, पावलागणिक खरवडावी लागे. १८३७ मध्ये याच राज्यात जॉन डीअरने पोलादी फाळ बनवला आणि गवत हटत गेलं.

गाव मोठं होणार हे नेपरला दिसत होतं. १८३९ मध्ये डुपेज काउंटी झाली आणि तिची कचेरी इथे आली. पण रेल्वेच्या वेळी गाव चुकलं. गालेना अँड शिकागो युनियनचा मार्ग उत्तरेला व्हीटनवरून गेला. नेपरव्हिलच्या मंडळींनी पैसा घातला होता तो फळ्या अंथरलेल्या गाडीरस्त्यात. लाकडी फळ्या कुजल्या, रूळ टिकले. पुढे १८६४ ला बर्लिंग्टनची रेल्वे आली खरी, पण तोवर व्हीटनचं वजन वाढलं होतं. १८६८ मध्ये काउंटीची दप्तरं व्हीटनकरांनी रात्रीतून उचलून नेली. कचेरी गेली की गाव ओसरतं, हे आपण तालुक्यांच्या गावांत पाहिलं आहे. नेपरव्हिल मात्र तगलं. १८७० मध्ये प्लेनफील्डहून कॉलेज आलं, पुढे फर्निचरचा कारखाना चालला. १९३१ साली, गावाच्या शंभरीला, एका जुन्या खाणीत पोहण्याचा तलाव झाला. तो आजही आहे.

१९६० मध्ये इथली वस्ती १२,९३३ होती. १९६६ मध्ये बेल लॅब्ज आली, मागोमाग इतर कंपन्या, आणि काळीवर घरांच्या ओळी उठल्या. इथे राहणाऱ्या आपल्या मराठी माणसांतले पुष्कळजण त्याच लाटेचे. आपली घरं, आपल्या बागा कुणाच्या तरी मक्याच्या शेतात आहेत. हे मनात ठेवूनच इथल्या स्प्रिंगब्रुक प्रेअरीच्या गवताळ रानात फिरावं असं मला वाटतं. शेतीखाली गेलेल्या त्या जमिनीवर पुन्हा मूळ गवत रुजवलं आहे. मधूनमधून ठरवून आग लावतात, कारण या गवताला वणव्याची सवय आहे.

त्या वणव्यांमागे इथल्या मूळच्या पोतावातोमी लोकांचेही हात होते. नदीकाठी त्यांच्या वस्त्या नेपरच्या आधीपासून होत्या, पांढरी आधीच वसलेली होती. १८३२ मध्ये ब्लॅक हॉक या मूलनिवासी नेत्याचं गोऱ्यांशी युद्ध पेटलं, तेव्हा नेपरव्हिलची बायका-पोरं शिकागोच्या किल्ल्यात गेली आणि इथे फोर्ट पेन उभारला गेला. त्या दिवसांत शबोना नावाचा पोतावातोमी प्रमुख घोड्यावरून हिंडून उत्तर इलिनॉयच्या वसाहतींना सावध करत होता. पुढच्याच वर्षी, १८३३ ला, शिकागोचा करार झाला आणि त्याच्या लोकांना मिसिसिपीपलीकडे जावं लागलं. शबोनाला १८२९ च्या करारात मिळालेली जमीन इथून पश्चिमेला, डीकॅल्ब काउंटीत. १८४९ मध्ये तो नातेवाइकांकडे कॅन्ससला गेलेला असताना सरकारने ती परस्पर विकून टाकली. मूळचे १,२८० एकर. त्यातले १३० एकर पोतावातोमींच्या प्रेअरी बँडच्या नावे पुन्हा लागले, ते २०२४ मध्ये.