नखभर फट

दरवर्षी दिवाळीच्या आधीच्या रविवारी बाबा बाथरूममध्ये उकिडवे बसून फरशीच्या दरजा भरायचे. करवंटीत पांढरं सिमेंट, त्यात थेंब थेंब पाणी. श्रीखंडाइतकं घट्ट झालं की चिंधीनं फटीत दाबायचं. दुसऱ्या दिवशी त्यावर पाणी मारायचं काम माझं. पाणी पाजल्याशिवाय सिमेंट धरत नाही, हे मला शाळेआधी त्या मोरीनं शिकवलं. पण भिंत फरशीला मिळते तिथलं सिमेंट वर्षाच्या आत तडकायचंच. बाबा सिमेंटच्या दर्जाला शिव्या घालत. दोष त्याचा नव्हता. भिंत आणि फरशी आपापल्या चालीनं किंचित हलतात, आणि सिमेंटला ताण सोसत नाही.

माझ्या फ्लॅटमध्ये सिलिकॉन आलं. रबरासारखं ताणलं जाणारं. गनचा घोडा दाबला तसा बाथरूमभर व्हिनेगरचा वास सुटला. या जातीचं सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानं वाळतं आणि वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं. म्हणजे पाणी यालाही लागतं, पण हवेतलं. मी मात्र सवयीनं दुसऱ्या दिवशी तांब्या घेऊन निघालो होतो!

पुढे ते बुरशीनं काळं पडलं, तेव्हा आळसानं मी जुन्यावरच नवं ओढलं. वाळलेल्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन नीट धरत नाही. दोन महिन्यांत केळ्याच्या सालीसारखं सुटलं, आणि एका सकाळी खालच्या काकू दारात. "अरे, आमच्या छताला ओल आलीय. बघतोस का जरा?"

प्लंबर म्हणाला, सगळं फोडू. फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलं असेल तर त्याचंच खरं, वरून गन मारून काही होत नाही. पण आधी कोपरा उकरून बघावा म्हटलं. ब्लेडनं पट्टी उचलली, तर मागे काळं पाणी, केसांचं गुंतवळ आणि साबणाचा गाळ. सगळं खरवडलं, स्पिरिटनं पुसलं, दिवसभर वाळू दिलं. दोन्हीकडे मास्किंग टेप, मग एका दमात सिलिकॉनची रेघ. साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट त्यावरून फिरवलं आणि ओलं असतानाच टेप ओढली. आता 24 तास पाणी बंद.

"मग आंघोळीला आमच्याकडेच ये की," काकू म्हणाल्या.

टॉवेल खांद्यावर टाकून खाली गेलो. तांब्या डोक्यावर ओतताना वर पाहिलं. पोपडे सुटलेले, पिवळट डाग, बरोबर माझ्या कोपऱ्याखाली.

"पाणी गरम आहे ना रे?" काकूंनी बाहेरून विचारलं.