मोडक्या नाकाची साक्ष

आल्ब्रेख्त ड्यूररने १५२४ साली आपला मित्र विलिबाल्ड पिर्कहायमर तांब्याच्या पत्र्यावर कोरला. चित्र वीतभरही उंच नाही. पिर्कहायमर न्युरेंबर्गच्या नगरसभेतला मातब्बर माणूस होता. १४९९ च्या स्विस युद्धात त्याने शहराच्या तुकडीचे नेतृत्व केले होते. ग्रीक ग्रंथ लॅटिनमध्ये आणणारा तो पंडित होता आणि मराठेशाहीच्या भाषेत सांगायचे तर न्युरेंबर्गचा वकील, म्हणजे दूतही होता. पण चित्रात ना शिक्का, ना खलिता. फर लावलेला झगा, जाड मान, सुटलेले गाल, हनुवटीखाली मांसाची दुसरी घडी आणि मध्येच मोडून बसलेले नाक, एवढेच दिसते. माझ्या मते या चित्राचे मोठेपण त्या नाकात आहे.

कोणी म्हणेल, मित्राने मित्राचे काढलेले चित्र, त्यात गौरव असणारच. गौरव आहेच, पण खुशामत करायची असती तर नाक सरळ करणे ड्यूररच्या हातचा मळ होता. तांब्यावर कोरणीने काढलेली रेघ सहज पुसता येत नाही. त्या खाचेत शाई भरून ओला कागद यंत्राखाली दाबला, की प्रत्येक प्रतीवर तीच रेघ उमटते. म्हणजे मोडके नाक शेकडो हातांत जाणार, हे ठाऊक असूनच ते कोरले गेले. ज्याने नाक लपवले नाही, त्याने डोळ्यांत दाखवलेल्या करारी बुद्धीवर विश्वास ठेवावासा वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. चेहऱ्याखाली रोमन शिलालेखासारखी लॅटिन अक्षरे आहेत. माणूस प्रज्ञेने जगतो, उरलेले मृत्यूच्या वाट्याला जाते, असा त्यांचा आशय. मग घडले ते उलटेच ना? पिर्कहायमरने १५२५ साली प्रसिद्ध केलेला टॉलेमीच्या भूगोलाचा लॅटिन अनुवाद आज अभ्यासकांपुरता उरला आहे. मृत्यूच्या वाट्याचे ते गाल आणि ते नाक मात्र अजून आपल्यासमोर आहे. तरीही तो लेख खोटा ठरत नाही. पिर्कहायमरचा देह १५३० मध्येच संपला. कागदावर उरला आहे तो ड्यूररच्या बुद्धीने पारखलेला, रेघ-रेघ तोलून पुन्हा घडवलेला चेहरा. प्रज्ञेने माणूस जगतो हे खरेच. पण कधी कधी ती प्रज्ञा त्याच्या मित्राची असते.