फूल आणि दोन पानं

लहान शहरातल्या दैनिकाचा संपादक वाचकाच्या हाती सापडतो. मुंबईतला संपादक अग्रलेखाबाहेर क्वचितच दिसतो. पणजीतला मासळी बाजारात दिसतो, जत्रेत दिसतो, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाटावर येऊन बसतो. सकाळी जे छापलं त्याचा जाब संध्याकाळपर्यंत दोन-तीनदा तरी द्यावा लागतो, आणि तोही ज्यांची मुलं आपल्या मुलांबरोबर शाळेत जातात अशा माणसांना. हा शेजार मला दैनिकाचा खरा कस वाटतो. गोव्याच्या नशिबी तो फार उशिरा आला, आणि म्हणूनच मला त्याचं मोल अधिक वाटतं.

तसं पाहिलं तर हिंदुस्थानातला पहिला छापखाना गोव्यातलाच. 1556 मध्ये जहाजातून तो उतरला. खरं तर निघाला होता ॲबिसिनियाला, पण जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात विसावला. तिथून पुढं वर्तमानपत्र यायला 1821 साल उजाडावं लागलं. त्या 'गझेत द गोवा'चं आयुष्य जेमतेम पाच वर्षांचं. रोजचं पत्र म्हणावं असं 'ओ एराल्दो' 22 जानेवारी 1900 रोजी पणजीत निघालं. मेसियस गोमिश आणि त्यांच्याबरोबर लुईश द मिनेझिश ब्रागांझा यांनी ते उभं केलं. भाषा पोर्तुगीज. केप्याच्या शेतकऱ्याला किंवा डिचोलीच्या दुकानदाराला त्यातली एक ओळही लागायची नाही.

1910 मध्ये पोर्तुगालात राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं आणि गोव्यातल्या छापखान्यांनी मोकळा श्वास घेतला. गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांचं 'भारत' त्याच मोकळिकीतलं. पोर्तुगीज आणि मराठी अशा दोन्ही भाषांत निघणारं, सरकारशी झगडणारं. मिनेझिश ब्रागांझांचं 'प्रकाश' 1928 चं. पण तोवर लिस्बनमध्ये हुकूमशाही बसली होती. सालाझारच्या काळात लिहिलेलं आधी सेन्सॉरच्या टेबलावर जायचं आणि मग जुळाऱ्याकडे. 'प्रकाश' 1937 मध्ये विझवलं गेलं. लग्नपत्रिकासुद्धा मंजुरीशिवाय छापता यायची नाही, ही आठवण जुनी माणसं अजून सांगतात. लेकीच्या लग्नाचा मुहूर्त कळवायला बापानं सरकारी कारकुनाचा शिक्का मागायचा, या एका गोष्टीत मला तो सगळा काळ दिसतो. बातमी ऐकायची तर चोरून, रेडिओवर. आंबोलीच्या आणि कॅसलरॉकच्या रानांतून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी 1955 पासून मुक्तीपर्यंत गुप्त केंद्र चालवलं, आणि माणसं दारं लावून ते ऐकायची.

गोवा मुक्त झाला 19 डिसेंबर 1961 ला. 24 मार्च 1962 ला पणजीत 'गोमन्तक'चा पहिला अंक निघाला. मालक चौगुले, संपादक बा. द. सातोस्कर, पुढं 'गोमन्तक : प्रकृती आणि संस्कृती' हा ग्रंथ लिहिणारे तेच. शिक्का लागत नाही, कारकून नाही, आणि भाषा आपल्याला वाचता येणारी. त्या सकाळी ज्यांच्या हातात तो अंक पडला, त्यांना काय वाटलं असेल याचा विचार करताना मी अजूनही थोडा थांबतो.

तो काळ खिळ्यांचा. जुळारी केसपुढं, म्हणजे खिळ्यांच्या घराघरांच्या पेटीपुढं उभा, डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात न बघता घराघरांतून फिरणारा. इंग्रजीचं काम थोड्या घरांत भागतं. देवनागरीला त्याच्या कितीतरी पट घरं लागतात. अर्धा य वेगळा, रफार वेगळा, द्ध वेगळा, श्र वेगळा. ओळ उलटी वाचत जुळवायची, गॅली भरली की सुतळीनं आवळायची, रूळ फिरवून प्रूफ काढायचं, चुकलेला खिळा चिमट्यानं उपटायचा. तारेवरच्या बातम्या इंग्रजीतून यायच्या आणि रात्रपाळीचा उपसंपादक त्या डोळ्यांवर झोप असताना मराठीत आणायचा. आणि गोव्यात आणखी एक गोष्ट होती. पोर्तुगीज अमलात सरकारदरबारी गावांची नावं रोमी लिपीत, पोर्तुगीज वळणानं लिहिली जात. आता रोज सकाळी कुठ्ठाळी, केपे, कुंकळ्ळी, पेडणे अशी ती देवनागरीत छापून येऊ लागली. कुंकळ्ळीतला तो जोड ळ जुळवताना हात अडखळतच असणार. पण कुंकळ्ळीच्या माणसानं आपल्या गावाचं नाव, जसं तोंडानं म्हणतो तसं, बातमीच्या माथ्यावर पाहिलं. लहान शहराचं दैनिक जे देतं त्यात हे देणं मला सर्वांत मोठं वाटतं. पंतप्रधानांची बातमी कुठूनही कळते, कुंकळ्ळीची कोण सांगणार?

छापलेला अंक पोचवणं ही वेगळीच मेहनत. मांडवीवर पूल नव्हता, झुआरीवर नव्हता. जाता जाता पोर्तुगीजांनी बाणस्तारी आणि बोरीचे पूल उडवले होते. म्हापशाचे गठ्ठे पणजीहून बेतीला फेरीबोटीनं, मडगावचे आगशीहून कुठ्ठाळीला. आषाढात पाऊस आडवा लागतो तेव्हा त्या नदीत काय होत असेल, हे फेरीतून गेलेल्यालाच कळेल.

मग आला विलीनीकरणाचा वाद. गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा? भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष एका बाजूला, जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स दुसऱ्या. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूनं हिरिरीनं लिहू लागला. समोर उभं राहिलं मडगावचं 'राष्ट्रमत', 1963 मध्ये सुरू झालेलं, पुढं चंद्रकांत केणींच्या संपादकपदाखाली गाजलेलं. गोवा वेगळा राहावा, कोंकणी ही आमची भाषा, असं ते रोज सांगायचं. आणि सांगायचं मराठीत. यात विसंगती आहे असं बाहेरच्यांना वाटतं. गोव्यातल्या हिंदू घरात तसं वाटायचं नाही. घरात बोलणं कोंकणीत, आरती, पोथी, नाटक आणि पत्र मराठीत, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. ज्याचं मत वळवायचं तो जे वाचतो त्यातच लिहायला हवं, हे 'राष्ट्रमत'नं ओळखलं. या निवडीत वाचकाबद्दलचा केवढा आदर आहे!

त्यातलं 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहिणारे उदय भेंब्रे तेव्हा विशीत होते. त्यांचे वडील लक्ष्मीकांत भेंब्रे पोर्तुगीज राजवटीविरुद्धच्या 1946 च्या चळवळीत पकडले गेले आणि पोर्तुगालात पेनिशच्या किल्ल्यात डांबले गेले. त्याच किल्ल्यात पुरुषोत्तम काकोडकर होते, आणि विलीनीकरणाचा प्रश्न मतदारांपुढंच ठेवणारा जनमत कौल घ्यावा यासाठी दिल्लीत झटणाऱ्यांत पुढं तेही होते. बापाला बोलल्याबद्दल समुद्रापार नेलं, आणि मुलगा वीस वर्षांनी रोज सकाळी हवं ते लिहितो, नावं घेऊन लिहितो, आणि त्याच दुपारी बाजारात मोकळा हिंडतो.

आमच्या वाड्यावर 'गोमन्तक' आमच्याकडे यायचा, 'राष्ट्रमत' पलीकडच्या घरी. वडील विलीनीकरणवाले, शेजारचे काका कट्टर विरोधक. नऊच्या सुमारास काका कुंपणाशी यायचे आणि विचारायचे, "तुमचो पेपर आयज कितें म्हणटा?" वडील आपला अंक त्यांच्या हाती द्यायचे, त्यांचा घ्यायचे. दोघं आपापल्या सोप्यावर बसून दुसऱ्याचं पत्र शेवटपर्यंत वाचायचे. कधी वडील चिडून अंक मांडीवर आपटायचे. पण दुपारी तो नीट घडी करून परत जायचा, कारण काकांच्या घरी त्याची फाइल होती. वाद त्यांचा मतदानापर्यंत मिटला नाही, आणि त्यांनी तो मिटवायचा प्रयत्नही केला नाही.

16 जानेवारी 1967, जनमत कौलाचा दिवस. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळ्या गोव्याची दोन पानं. दोन पानांना 1,72,191 मतं, फुलाला 1,38,170. फरक 34,021 चा. निकालाच्या दिवशी वडील फारसे बोलले नाहीत. आज मागं वळून पाहताना मला वाटतं, गोव्यानं योग्य तेच निवडलं. महाराष्ट्रावरचं माझं प्रेम त्यानं तसूभर कमी झालेलं नाही. तेवढ्यावर गोष्ट संपलीही नाही. मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी बांदोडकरांनाच पुन्हा सत्तेवर बसवलं. विलीनीकरण नको, पण भाऊ हवेत. माणसं दोन्ही पत्रं वाचत होती आणि दोघांनाही पूर्ण शरण गेली नव्हती. संपादकांना हे कितपत रुचलं असेल कोण जाणे. मला मात्र गोव्याच्या वाचकाचा यात अभिमान वाटतो.

पुढचं भरभर घडलं. 'गोमन्तक'ला माधव गडकरींसारखा धारदार लेखणीचा संपादक मिळाला. 1970 मध्ये धेंपो उद्योगसमूहाचं 'नवप्रभा' आलं. त्यांचं इंग्रजी 'नवहिंद टाइम्स' 1963 पासून होतंच. मालक खाणवाले, आणि हे सगळ्यांना ठाऊक. खाणीची बातमी वाचताना वाचक मालकाचं नाव मनात धरूनच वाचायचा. 'ओ एराल्दो'नं 1983 मध्ये पोर्तुगीज सोडून इंग्रजी धरली. 1987 मध्ये कोंकणी राजभाषा झाली, गोवा घटकराज्य झालं, आणि देवनागरी कोंकणीत 'सुनापरान्त' हे दैनिक निघालं. ते टिकलं नाही. 'राष्ट्रमत'ही बंद पडलं. 'गोमन्तक' चालू आहे, आता 'सकाळ' समूहाच्या हाती.

माझी तळमळ त्या बंद पडलेल्या पत्रांसाठी आहे. दैनिकाचा कागद टिकण्यासाठी केलेलाच नसतो. आपल्या हवेत तो वीस-तीस वर्षांत पिवळा पडतो, घडीवर फाटतो, पान उलटताना कडा बोटांत येतात. त्यातून वाळवी आणि पावसाळा. काकांची फाइल अशीच गेली. ते वारल्यावर घर विकलं गेलं आणि ती रद्दीत. पणजीत 1832 पासूनचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे, आज ते कृष्णदास शामांच्या नावानं चालतं, जुनी पत्रं जपणं हे त्याचं कामच आहे. पण प्रत्येक अंक तिथं पोचलेला असेलच असं नाही. मडगावात, फोंड्यात, म्हापशात अजून काही माळ्यांवर ट्रंका आहेत. त्यांत 1966 च्या डिसेंबरातले आणि 1967 च्या जानेवारीतले अंक असतील, दोन्ही बाजूंचे. घर पाडायच्या आधी, ट्रंक भंगारात द्यायच्या आधी कुणीतरी ती उघडावी आणि सुतळीनं बांधलेला गठ्ठा जसाच्या तसा ग्रंथालयात नेऊन द्यावा.