ओव्हनमध्ये भाजलेलं ग्राफिक्स कार्ड : आराम आणि उपचार यातला फरक

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. साताऱ्याच्या घरी माझा २००७ सालचा कॉम्प्युटर आहे. मुलगा लहान असताना आम्ही दोघं त्यावर गाड्यांच्या शर्यती खेळायचो, म्हणून टाकवत नव्हता. एक दिवस स्क्रीनवर उभ्या रेघा आल्या, मग काळोख. ग्राफिक्स कार्ड गेलं होतं.

सांगलीचा भाचा इंजिनिअरिंगला आहे. म्हणाला, "मामा, कार्ड घेऊन या. ओव्हनमध्ये भाजलं की चालू होतं."

त्याने पंखा आणि प्लास्टिक काढलं. ताईच्या ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसला १० मिनिटं कार्ड ठेवलं. खरंच चालू झालं! एवढा डॉक्टर मी, पण टाळ्या वाजवल्या. बाराव्या दिवशी पुन्हा त्याच रेघा.

नेमकं काय झालं होतं?

समज असा, की उष्णतेने सोल्डर, म्हणजे डाख, वितळतो आणि तुटलेले सांधे जुळतात. जुना शिसेयुक्त डाख साधारण १८३ अंशांना वितळतो. पण १ जुलै २००६ पासून युरोपात शिशावर निर्बंध आले आणि बहुतेक कंपन्या बिनशिशाच्या डाखाकडे वळल्या. तो वितळायला २१७ अंशांच्या वर जावं लागतं. म्हणजे आमच्या कार्डावरचा डाख बहुधा वितळलाच नव्हता. दोष अनेकदा चिपच्या आत, अगदी सूक्ष्म जोडण्यांमध्ये असतो. उष्णतेने त्या थोड्या हलतात, तात्पुरत्या टेकतात. कार्ड रोज तापून-थंडावून पुन्हा सुटतात.

पॅरासिटामॉलने ताप उतरतो, पण तापाचं कारण जात नाही. तसंच हे. धूळ, मळलेली टोकं, फुगलेले कपॅसिटर असं काहीच न तपासता आम्ही थेट उपचार केला होता. पेशंटने असं केलं असतं तर मी रागावलो असतो.

आणि तो ओव्हन?

ताई त्यातच नानकटाई भाजते. घरात तिची दोन वर्षांची नात आहे. हे मला बाराव्या दिवशी आठवलं, याची लाज वाटते.

भीती वाढवायची नाही, म्हणून स्पष्ट सांगतो : २०० अंशांना शिशाची वाफ होऊन घरभर पसरत नाही. शिसं पोटात जातं ते हातांवाटे आणि धुळीवाटे. पण लहान मुलं गिळलेलं शिसं मोठ्यांपेक्षा चार-पाच पट जास्त शोषतात आणि त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. शिवाय तापलेल्या फ्लक्सचा धूर दमा असणाऱ्यांना त्रासदायक असतो, आणि प्लास्टिक व रसायनांचा थर ओव्हनच्या भिंतींवर बसतो.

ताईने विचारलं, "घासून वापरू का रे?"

थर पूर्ण निघाला याची खात्री मी देऊ शकत नव्हतो. "नको ताई," म्हणालो, आणि नवा ओव्हन घेऊन दिला. जुना आता भाच्याच्या प्रयोगांसाठी, गच्चीवरच्या खोलीत.

तुमच्याकडेही असं जुनं कार्ड असेल तर ते आधी दुरुस्तीवाल्याला दाखवा. नाहीच जमलं तर ई-कचऱ्यात द्या. हाताळल्यावर साबणाने हात धुवा. आणि अन्न शिजतं त्या भांड्यात, त्या ओव्हनमध्ये दुसरं काही शिजवू नका.